नाकाची साक्ष

ता. ११, मंगळवार
दुपारचे चार

चिरंजीव खारूस,
अनेक आशीर्वाद.

साठीला टेकलेल्या माणसाला कुणी अजून खारू म्हणतं का, असं तुझी बायको म्हणेल. म्हणू दे. तिने तुला आपल्या साबणाच्या कारखान्यात फळ्यांवरून खारीसारखं सरसर चढताना पाहिलेलं नाही.

इकडे सगळं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि अजून बारीक अक्षर दिसत नाही, हे माझ्या लेकीकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुझी बायको तुला वाचून दाखवणार. पोरी, तुलाही आशीर्वाद. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं साबणाच्या वेष्टनांवरून वाचायला शिकले. सांभाळून घे.

बावीस वर्षांनी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुम्हा दोघांना वाटेल. आहे. पण आधी बातमी सांगते.

लेक आणि जावई मला चार दिवस सुट्टीला घेऊन गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी असं कुठेतरी गेले, जिथे काही काम नव्हतं. सकाळी उठून अंथरुणाची घडी घातली तर खोली आवरणारी बाई म्हणाली, "आजी, माझी नोकरी घालवता का?" दोन दिवस मी खिडकीत बसून माणसं मोजली. तिसऱ्या दिवशी जावई म्हणाला, "आई, आज द्राक्षमळा बघायचा. वाइन चाखायला देतात."

मी म्हटलं, "मी आणि दारूच्या कारखान्यात? बाबांना कळलं तर वरून चप्पल फेकतील."

"तुम्ही पिऊ नका हो. नुसता वास घ्या. वासाला काय जातं?"

वासाचं नाव काढल्यावर मी पर्स उचलली. तुला माझा स्वभाव ठाऊकच आहे.

अकरा जणांचा घोळका होता. माहिती सांगणारी बाई चाळिशीची, पायात गुडघ्यापर्यंत बूट, घसा पार बसलेला. दिवसातून चार वेळा तेच बोलायचं म्हणजे काय होणार! तिने आम्हाला वेलींच्या रांगांमधून फिरवलं. कुठली फांदी छाटायची, कुठली ठेवायची, ते हातातल्या कात्रीने दाखवलं. मग मोठ्या स्टीलच्या टाक्या. आपल्या तेलाच्या कढया त्यांच्यापुढे वाट्या वाटाव्यात. मग एक थंडगार खोली, तिथे लाकडी पिंपं आडवी निजवलेली. बाई म्हणाली, "इथे आम्ही काही करत नाही. नुसती वाट बघतो." मला फार आवडलं ते. सहा आठवडे फळीवर सुकल्याशिवाय बाबा एक वडी बाहेर जाऊ देत नसत, आठवतं? घाई केलेला साबण हाताला खातो, म्हणायचे.

मग लांब टेबलाशी बसवलं. प्रत्येकापुढे पाच ग्लास, खाली पांढरा कागद, म्हणजे रंग नीट दिसावा. मधे एक भांडं, चाखून थुंकायला. मी लेकीच्या कानात म्हटलं, "एवढं महागाचं थुंकायचं?" तर ती म्हणाली, "आई, हळू."

बाई म्हणाली, "आधी नाक, मग तोंड."

मी म्हटलं, "माझ्या मनातलं बोललीस."

पहिल्या ग्लासात मला लिंबाची साल आली आणि नुकतं कापलेलं गवत. दुसऱ्यात मध, पण जुना, तळाशी खडे झालेला. तिसऱ्यात पेन्सिल टोकदार केल्यावर निघतो तो भुसा. मी एकेक सांगत गेले आणि बाई हातातला कागद बघत मान डोलवत गेली. शेवटी तिने कागदच खाली ठेवला. "आजी, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"साबणात," मी म्हटलं.

सगळे हसले. समोरचा एक जाडा गृहस्थ म्हणाला, "म्हणजे आज आमची आंघोळही झाली!" जावयाची छाती फुगली. लेकीने माझा फोटो काढला, ग्लासात नाक खुपसलेला. तो तुला पाठवते म्हणाली होती, पाठवू नकोस म्हटलं.

कारण खारू, त्या फोटोत मी मजा करत नव्हते. मी शोधत होते.

आज इथे थांबते. हात दुखतोय.

बुधवार, सकाळ

हात दुखत नव्हता. पुढचं लिहायचं धैर्य होईना.

काय घडलं ते तुला पाठ आहे, पण तुझ्या बायकोने ते माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणून सांगते. पोरी, मधेच थांबू नकोस. त्याने थांब म्हटलं तरी वाच.

बावीस वर्षांपूर्वी, त्या वर्षी, खारू छत्तीसचा होता, आणि कारखान्याची गाडी तो चालवायचा. दोन महिन्यांत तो खंगला, पँट कमरेवर राहीना. चिडचिडा झाला. बोलता बोलता जीभ जड व्हायची. दर तासाला मागच्या संडासाकडे जायचा आणि सीटखाली सतत एक बाटली असायची. मी एकदा ती बाटली हुंगली, पाणीच होतं. मला वाटलं, खरी बाटली दुसरीकडे लपवतो. आणि त्याच्या तोंडाला एक वास येऊ लागला. गोडसर, फार पिकून गेलेल्या फळासारखा, आणि त्यात नेलपॉलिश पुसायच्या औषधाची धार.

एका सकाळी त्याने माल भरलेली गाडी फाटकाच्या खांबावर घातली. मी धावत गेले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. मी वाकले, वास घेतला आणि किल्ली काढून घेतली. सात कामगार उभे होते. बाबा दारात.

तो म्हणाला, "ताई, मी घेतलेली नाही गं. मला बरं वाटत नाहीये."

मी म्हटलं, "माझं नाक खोटं बोलत नाही."

एवढंच वाक्य. त्या घरात माझ्या नाकाचा शब्द शेवटचा होता. तेल खवट झालं की नाही, सेंट भेसळीचा की खरा, बाबा स्वतः न बघता मला विचारायचे. मग भावाचं तरी कोण वेगळं तपासणार? बाबांनी निघ म्हटलं, आणि तो त्याच दुपारी पिशवी घेऊन गेला.

आता माझी चूक सांगते, खरं तर ती सांगायलासुद्धा लाज वाटते. आपल्या घरात, नात्यात, शेजारात दारूला कुणी शिवलेलं नव्हतं. वाटेत कुणी पिऊन पडलेला दिसला की मी नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूने जायची. प्यायलेल्या माणसाच्या तोंडाचा वास कसा असतो, हे मला माहीतच नव्हतं! मी हिशेब केला तो असा: मला सगळे वास ओळखता येतात, हा एकच ओळखता येत नाही, म्हणजे हा दारूचा. एवढ्यावर मी तुला घालवलं.

तर त्या टेबलाशी मी पाचही ग्लासांत तुझा वास शोधत होते. सापडेना. शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा एक घोट तोंडात घेतला, थुंकला, आणि तळहातावर श्वास सोडून बघितला. नाही. मग मी जावयाला म्हटलं, "जरा माझ्याकडे तोंड करून जोरात श्वास सोडा."

"आई! सगळे बघतायत."

"बघू देत. तुमचे पाच झालेत ना? सोडा."

बिचाऱ्याने सोडला. लोक पोट धरून हसले. आंबट, कोंदट, लाकडासारखा वास. तुझा नव्हे. जवळपाससुद्धा नव्हे.

मी त्या बाईला तुझा वास समजावून सांगितला आणि विचारलं, हा कुठल्या दारूचा? ती विचारात पडली. म्हणाली, "असा थोडासा वास बिघडलेल्या मालाला येतो. पण तो कुणी पिणार नाही, आजी."

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेली एक बाई बोलली. दिवसभर तिने तोंड उघडलं नव्हतं. रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होती म्हणाली. "हा वास मला ठाऊक आहे. साखर खूप वाढून अंगात विष व्हायला लागलं की श्वासाला येतो. माणूस खंगतो, सारखं पाणी पितो, बरळतो. कितीतरी जणांना घरचे म्हणायचे, पिऊन आलाय, झोपू दे. त्यातले काही उठत नसत." मग माझ्याकडे वळून तिने मऊ आवाजात विचारलं, "कुणाला येत होता?"

मी म्हटलं, "शेजारच्या एकाला."

खारू, तिथेसुद्धा मी तुला भाऊ म्हटलं नाही.

तिथून परतताना गाडीत लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मामाने फोन करून सांगितलं होतं ना तुला?" सांगितलं होतंस. तिकडे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात घरमालकाने तुला उचलून दवाखान्यात नेलं, बरं झाल्यावर तू फोन केलास. "ताई, डॉक्टर म्हणतात साखर आहे. इंजेक्शन कायमचं." आणि मी म्हटलं, "साखर कशाने झाली तेही विचार त्यांना." आणि फोन ठेवला. नंतर विचारील त्याला सांगत सुटले, पिऊन पिऊन लावून घेतली.

गेल्या रविवारी मी कारखान्यात गेले. त्या दिवशी जे उभे होते त्यातले तिघेच आता उरलेत. त्यांना फाटकाशीच बोलावलं आणि म्हटलं, "त्या दिवशी इथे मी खोटं बोलले. तो प्यायलेला नव्हता, आजारी होता." पॅकिंगवाली मावशी रडायला लागली. वड्या कापणारे काका मात्र माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, तो दिवसभर नळाला तोंड लावून असायचा, हे आम्ही रोज बघायचो. तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत."

"मग तुम्ही तरी बोलायचं."

"तुमच्या नाकापुढे?"

मी फाटक ओढून घेतलं आणि घरी आले.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, झालं, सही करावी. झालेलं नाही. नेमकं लिहायचं तेच मी इतकी पानं चुकवत आले.

मला त्या मळ्यात सगळं कळलं, असं मी लेकीला सांगितलं. ते अर्धंच खरं. शंका मला फार आधी आली होती. तुझा फोन आला त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं होतं, साखर, आणि पुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारता आलं असतं. दवाखाना समोरच होता. गेले नाही. विचारलं आणि तू खरा निघालास, तर त्या सात जणांसमोर माझं काय राहिलं असतं?

आणि मग बाबा पडले. डावी बाजू गेली, सात महिने अंथरुणात होते. ते गेले तेव्हा मी तुला फोनवर काय सांगितलं, ते तू विसरला नसशील. "बाबांनी तुझं नाव काढलं नाही." शेवटच्या दर्शनाला आलास, मागे उभा राहिलास, कुणाशी न बोलता गेलास.

ते खोटं होतं.

त्यांनी तुझं नाव तीनदा काढलं. पहिल्यांदा म्हणाले, खारूला बोलाव. मी म्हटलं, बोलावते. बोलावलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, निरोप धाडलास का? मी म्हटलं, धाडला, तो येत नाही म्हणतो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांचा एकच हात पुसत होते, चालणारा, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. मनाची समजूत घातली, की हा प्यायलेला आला तर बाबांना सोसणार नाही. पण भीती वेगळी होती. तू धडधाकट, शुद्धीत दारात उभा राहिलास तर, याची होती.

तिसऱ्यांदा, जायच्या चार दिवस आधी. जीभ वळत नव्हती, मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. जे म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते, माझा एकही त्यात मिसळत नाही. "त्याला सांग, तो प्यायला असला तरी माझाच आहे. नसला तर मी चुकलो. कसाही असो, येऊन बस म्हणावं."

पोरी, हे त्याला पुन्हा एकदा वाचून दाखव. हळू.

खारू, पुढे तू काय करावंस हे मी सांगत नाही. जन्मभर सगळ्यांना मीच सांगत आले. हा निरोप तुझा होता, माझ्याकडे वीस वर्षं पडून राहिला, आज पोचता करते. आणणारी उशिरा आली, धाडणाऱ्याने वेळेवर धाडला होता.

त्या निरोपाची चोर,
तुझी ताई