तीन मजली पट आणि हात नसलेला गडी

ती. सौ. ताईस,

धाकट्या आतेभावाचा साष्टांग नमस्कार. तो टेबलाखालूनच घालतोय, कारण तिसऱ्या मजल्यावरून एका प्याद्याने कपाटाखाली उडी मारली आहे. तू, भावोजी, मुलं खुशाल ना? तुझे बाबा, म्हणजे आमचे मामा, ठणठणीत. खोकला आहे, पण तो फक्त माझ्या हातून सोंगटी पडली की येतो.

मामांशी रोज खेळणारे शेजारचे घड्याळजी लेकीकडे राहायला गेले, तेव्हापासून मामांनी तो तीन मजली बुद्धिबळाचा पट चादरीखाली झाकला होता आणि बोलणंही. जेवणही चिमणीएवढं. म्हणून तू कॉम्प्युटर पाठवलास, गडी मिळाला. पण पडद्यावर तिन्ही मजले एकमेकांत घुसलेले पाहून मामा म्हणाले, "हा पट आहे की वाळत घातलेलं धुणं? मी लाकडावरच खेळणार." मग कॉम्प्युटरचे हात कोण होणार? दोन दिवसांसाठी टेकलेला मी! (माझी पिशवी अजून दारातच आहे. मला एका जहाजावर रंगकाम मिळतंय. तिथल्या स्वयंपाक्याला पाण्याची भीती वाटते, पण ते असो.)

काल कॉम्प्युटरने उंट मधल्या मजल्यावर सांगितला. मी खिडकीतून सायकलवर कपाट नेणारा माणूस बघत होतो, तो वरच्या मजल्यावर ठेवला. (उंट. माणूस नव्हे.) तिथून दोन निराळे डाव सुरू झाले, एक लाकडावर, एक पडद्यावर. शेवटी मामांनी टेबलावर थाप मारली, "मात!" मी ती चाल भरली, तर कॉम्प्युटर म्हणे मातच, पण मामांच्या राजावर.

मामा पडद्यावर तुटून पडले. तो हूं की चूं करेना, मग माझ्यावर. तासभर भांडून भरपेट जेवले. जेवताना म्हणतात कसे, "उंट चुकला ते मी तेव्हाच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"नीट खेळायला तो आहेच की, गाढवा. भांडू कुणाशी?"

मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
भटक्या

ता. क. सोंगट्या आपणच हलवणारा यंत्राचा हात मिळतो, तो पाठवतेस असं तू लिहिलंस. ताई, नको पाठवूस. जहाजं काय, येतच असतात.

ता. क. २. मामांनी वरचं वाचून लिहायला लावलं: 'हात खुशाल पाठव, या कार्ट्याला जाऊ दे.' आणि दारातली माझी पिशवी गायब आहे. विचारलं, तर पटावरची नजर न काढता म्हणाले, "असेल कुठल्यातरी मजल्यावर. शोध सावकाश."