माझ्या रायफलीवर अर्विडचा डोळा

टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
मंगळवार, २१ ऑगस्ट

आदरणीय लेलंड दाजी,

हार्लनचा नमस्कार. आक्काला धाकट्या भावाची आठवण सांगावी (ती म्हणेल, आठवण होती तर फोन का नाही केला). तुमचा नवा गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा आहे. अ‍ॅरिझोनात उन्हाचा त्रास होत असला तरी कळवू नका. इथे मार्डेल ते वाचते आणि मग माझ्या म्हातारपणी तिकडे येण्याच्या बेतावर पाणी पडतं. आम्ही दोघं बरे आहोत. टोमॅटो उत्तम आहेत. कुत्रा तेवढा आजारी आहे, पण तो शेजाऱ्यांचा. पत्रास कारण आहे, पण ते दमानं सांगतो, कारण प्रकरण नाजूक आहे आणि तुमच्याशिवाय ते बोलावं असा माणूस मला या जिल्ह्यात उरलेला नाही.

तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, पण आपला काउबॉय नेमबाजीचा क्लब होता तसाच आहे. तीच मंडळी, दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच टोप्या, तीच टोपणनावं (तुमचं ‘सच्चा सॅम’ अजून कुणाला दिलेलं नाही, तुमच्या मानाखातर), गोळ्यांनी वाजवायचे तेच लोखंडी पत्रे, आणि मागे घड्याळ घेऊन उभा राहणारा तोच ठसका लागलेला माणूस. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी राज्याचे सामने आहेत. गेल्या वर्षी पासष्टीच्या पुढच्या गटात मी शेवटून दुसरा आलो आणि जो शेवटचा आला त्याची कवळी मध्येच पडली होती, हे लक्षात घेतलं तर मी शेवटचाच. यंदा मी अडुसष्टचा झालो. आता नाही तर कधीच नाही, असं मी ठरवलं आहे, आणि त्यासाठी रायफल कोणती घ्यावी याचा घोळ दोन महिने चालला आहे.

सल्ला मागा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. पण आपल्याकडे रायफलीचं नाव काढलं की प्रत्येक जण आपली काढून हातात देतो, वर काडतुसंही देतो, आणि म्हणतो, ‘मारून तर बघ.’ एकानं आखूड नळीची दिली, एकानं लांब नळीची, एकानं गोळी भरायची दांडी इतकी गुळगुळीत केलेली दिली की मी शिंकलो तरी गोळी भरली गेली असती. मला हे पटत नाही, दाजी. ज्याला मला हरवायचं आहे तो मला चांगली रायफल का देईल? मी प्रत्येकाची नळी उजेडात धरून पाहिली, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी सरळ आहे का ते मोजपट्टीनं मोजलं. सगळं ठीक निघालं, आणि त्यामुळे तर माझा संशय बळावला.

शेवटी मी तुम्ही दिलेलीच वापरायचं ठरवलं. तुम्ही निघायच्या दिवशी गॅरेजमध्ये ती माझ्या हातात ठेवलीत आणि बदल्यात माझं बर्फ उडवायचं यंत्र तेवढं नेलंत, तो क्षण मी विसरलेलो नाही. अ‍ॅरिझोनात बर्फ पडत नाही, तरी निव्वळ माझी आठवण म्हणून तुम्ही ते तीन राज्यं ओलांडून ओढत नेलंत. अशी माणसं आता होत नाहीत.

आणि आता मुद्द्यावर येतो. अर्विड हॉगनचा या रायफलीवर डोळा आहे.

अर्विड म्हणजे कसा, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही दोघं सामन्यांना एकाच टोळीत उभे राहायचात. कमी बोलणारा माणूस. चार वर्षांपूर्वी त्याची बायको सॉल्वेग वारल्यापासून तर आणखीच कमी. पण जे थोडं बोलतो ते सगळं माझ्या रायफलीबद्दल! भेटला की पहिला प्रश्न, ‘चालतेय ना नीट?’ मी म्हणतो, वाईट नाही. मग तो तिच्याकडे पाहत उभा राहतो. पावसात भिजली तर स्वतःच्या खिशातलं फडकं काढून पुसतो, आणि पुसताना दस्त्याच्या खालच्या बाजूला एक ओरखडा आहे तिथे अंगठा नेमका जातो, न बघता. मला पाच वर्षांत तो ओरखडा दिसला नव्हता. परवा म्हणाला, ‘हार्लन, तुझे हात लांब आहेत, तुला माझी नवी बरी पडेल. हवं तर अदलाबदल करू.’ त्याची नवी माझ्यापेक्षा दुप्पट महाग आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

गेल्या शनिवारचं ऐका. माझी पाळी होती आणि चुका मोजायला बाजूला तिघं उभे होते. दोघांनी तीन बोटं वर केली. अर्विडनं एकच. आता माझ्या तीन चुका झाल्या होत्या, हे मला ठाऊक, कारण पत्रा न वाजल्याचं माझं मीच ऐकलं. मग हा माणूस माझ्या बाजूनं खोटी बोटं का दाखवतो? मला गाफील ठेवायला! दुसरं काही मला सुचत नाही. मार्डेलला सुचतं. ती म्हणते, ‘अहो, एकटा माणूस आहे, त्याला जेवायला बोलवा.’ बोलावलं. त्यानं भाजलेल्या मक्याचं दोनदा कौतुक केलं आणि तिसऱ्यांदा रायफल कुठे ठेवतोस म्हणून विचारलं.

मी सरळ माणूस आहे. मी त्याला तोंडावर विचारलं, ‘अर्विड, तुला ही हवी आहे का?’ तो म्हणाला, ‘छे, छे. तुझी आहे.’ महिन्यानं पुन्हा विचारलं. म्हणाला, ‘नको रे, कशाला.’ तिसऱ्यांदा मी मुद्दामच विचारलं नाही. आपल्याकडे कॉफी असो की केक, माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा हो म्हणतो, हे मला कळतं. मी काही काल जन्मलेलो नाही.

तेव्हा तुम्हाला विनंती एवढीच, की अर्विडची काही जुनी लबाडी ठाऊक असेल तर उलट टपाली कळवावी. या जगात विश्वास टाकावा असे आता तुम्हीच.

तुमचा मेहुणा,
हार्लन

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं, बरं झालं. आज गुरुवार. काल मनात आलं, अर्विड पुसायच्या निमित्तानं रायफलीत काही कोंबत तर नसेल? दस्त्याच्या पितळी तळाला एक छोटं झाकण असतं आणि आत नळी साफ करायची कांडी ठेवतात, हे मला मार्डेलनं सांगितलं (पाच वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. माझी नळी स्वच्छच असते). उघडलं. कांडीभोवती कागद गुंडाळलेला होता, पिवळा पडलेला. त्यावर लिहिलं होतं: ‘अर्विड, चाळीस वर्षं सोसलंस म्हणून ही रायफल. सहाला जेवायला ये. सॉल्वेग.’ पहिल्यांदा मला वाटलं, हाही त्याचाच डाव. मग चर्चच्या पाककृतींच्या वहीत सॉल्वेगचं अक्षर पाहिलं आणि खाली बसलो. तिच्या अंत्यविधीला मी हॅमचे चार सँडविच खाल्ले होते, दाजी, आणि अर्विडला कोपऱ्यात गाठून माझी रायफल किती छान चालते ते सांगितलं होतं.

ता. क. दुसरा. काल संध्याकाळीच त्याच्याकडे गेलो. म्हटलं, ‘ही तुझी.’ म्हणाला, ‘हो.’ म्हटलं, ‘माझ्याकडे कशी?’ म्हणाला, ‘लेलंडच्या रायफलीची स्प्रिंग तुटली होती. एका सामन्यापुरती नेली. सोमवारी आणून देतो म्हणाला.’ ‘मग?’ ‘मग सोमवारी तो अ‍ॅरिझोनाला गेला.’ मी ओरडलो, ‘अरे, पाच वर्षं बोलला का नाहीस?’ तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘तुला ती मानवली होती. आणि तू विचारलंस की दोनदा.’ ‘तिसऱ्यांदा नाही विचारलं!’ ‘नाही,’ तो म्हणाला. ‘मी थांबलो होतो.’

खोट्या बोटांचंही कळलं. सॉल्वेगच्या रायफलीचा नेम चुकला असं त्याच्यानं म्हणवत नव्हतं. मी टोपी काढली आणि तिसऱ्यांदा विचारलं, ही घेशील का? तो म्हणाला, ‘आता एवढा आग्रह करतोस तर.’ चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सहाला पाच कमी होते. उठला आणि दोन ताटं मांडली. मला लाज वाटली, आणि भूकही लागली होती. जेवलो.

ता. क. तिसरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली. सगळ्या क्लबाच्या नळ्या उजेडात धरल्या, एक तुमची तेवढी राहिली. अ‍ॅरिझोनात बर्फाचं यंत्र कशाला लागतं, हे मला आज उमगलं: आठवण म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या रायफलीची किंमत म्हणून. ते आणि स्वतःला घेऊन सामन्याला या आणि अर्विडसमोर उभं राहून जे बोलायचं ते बोला. तो यंदा अठ्ठ्याहत्तरचा झाला. हे शेवटचे सामने म्हणतो, आणि ते तो सॉल्वेगच्याच रायफलीनं खेळणार. मी त्याची नवी घेऊन खेळतो आहे, त्यानंच दिली (हो, मी माशी मोजली. सरळ आहे).

येता का, हे मी आत्ता पहिल्यांदा विचारलं. दुसऱ्यांदा रविवारी फोनवर विचारीन. दोनदा नाही म्हणण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. तिसऱ्यांदा मी विचारणार नाही, आक्का विचारील. पाकिटावर मी नाव आक्काचं घातलं आहे.