न विकलेल्या मेथीच्या जुड्या

मंगळवार, संध्याकाळ

पायात रक्ताची गुठळी झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी मी एकदाही चुकवलेली नाही. तरी आज रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला, रक्त पुन्हा घट्ट. गोळी चुकवली म्हणून डॉक्टर माझ्यावरच उखडले.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "सर, गोळी नाही चुकली. मेथीचा भाव पडलाय, पंचवटीच्या बाजारातून आमच्या मळ्यातल्या जुड्या घरी परत येतात. आठ दिवस बाबा दोन्ही वेळा मेथीच खातायत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर पकडलंत! जास्त मेथीनेच या गोळीचा जोर कमी होतो. मेथी बंद नका करू, रोज थोडी, एकाच मापाने द्या."

सूनबाईने कसं पकडलं, हे वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलो. फक्त तिलाच शाबास म्हणायचं राहिलं. का राहिलं?

आत्ता ताटात मेथी वाटीभरच आली. मी जास्त मागितली नाही. ती हसली.