चौकड्यांच्या सपाता

स्कारबरो, रविवार

प्रिय विल्फ,

तू आणि मॅव्हिस खुशाल असाल असं धरून चालतो, कारण फोन तर तू उचलत नाहीस.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण इथं उतरलोय तिथली घरमालकीण सकाळी अंडी-बेकन पोटभर वाढते.

आपल्या डेन्झिल प्रॉथरोला काल पोचवला. मालिकेत तो घालायचा तसल्या चौकड्यांच्या सपाता घालून शेकडो माणसं पावसात रस्त्याच्या कडेला उभी होती. शवपेटीची गाडी आली तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, सपाता पायात घालतात. ही दुसरी जोडी काखेत कुणाची?"

"धाकट्या भावाची. येईल एवढ्यात."

"मग हाक मारा की! नायक निघालासुद्धा!"

मी हसलो. गर्दी पांगेपर्यंत तुला शोधत राहिलो.

अकरा वर्षांत आपलं बोलणं ते काय? शुक्रवारी मालिका संपली की तू फोनवर त्याचं एक वाक्य म्हणायचास आणि ठेवून द्यायचास. मला आठवडाभर तेवढं पुरायचं. तो गेल्यापासून दोन शुक्रवार कोरडे गेले. बरा आहेस ना रे?

आईच्या अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी मी तुझ्या बायकोला, मॅव्हिसला, सगळ्यांदेखत परकी म्हणालो. चूक माझीच. तेव्हाच माफी मागायला हवी होती, पण माझी जीभ दुकानात गिऱ्हाइकांपुढेच काय ती वळते.

बुधवारी दुपारच्या गाडीनं येतोय. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसून राहीन. शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

तुम्हा दोघांचा,
ऑब्री