देवांचा डबा

अहो, तात्या समोरच बसलेत, बोलता येत नाही, म्हणून चिठ्ठी तुमच्या शर्टावर ठेवतेय. अंघोळ आटपा लवकर!

धारहून देवासला घर हलवायच्या खर्चाचा सगळा मेळ बसवला, स्वस्तातला ट्रक घेतला, पण देव कोणी हातात न्यायचे ते ठरवलंच नाही. देवांचा डबा ट्रकमधून गेला. तात्यांनी रोजच्यासारखं पूजेआधी इन्सुलिन घेतलंय आणि आता नैवेद्याशिवाय साखरेचा दाणाही तोंडात घालत नाहीत. हात थरथरताहेत त्यांचे. ड्रायव्हरचा फोन बंद.

ट्रक गाठते असं त्यांना सांगून मी शेजारी दुबेभाभींकडे जाऊन बसतेय. तिथून फोन करून म्हणेन, ट्रक नाक्यावरच सापडला, नैवेद्य दाखवला. तुम्ही लगेच त्यांना साखर भरवा.

देवांशी मी नंतर बोलून घेईन.