शेऱ्याचा रकाना

मंगळवार, ९ मार्च
दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. माझी सर्दी उतरली. बाबांचा गुडघा आता जिना चढू देतो, फक्त प्रत्येक पायरीवर त्यांचे मत ऐकून घ्यावे लागते. तुझी राखाडी शाल धोब्याकडून आली आहे. एक डाग राहिला होता म्हणून मी ती परत पाठवली.

तू चौथ्या मजल्यावर बसतेस आणि मी पहिल्या, मग पत्राचा खटाटोप कशाला, असे तुला वाटेल. समोर बोलायला आले की तू हसतेस, तू हसलीस की माझा तोल जातो, आणि मुद्दा बाजूलाच राहतो. शिवाय लिहिलेले वाक्य दुरुस्त करता येते. हा तिसरा मसुदा आहे.

प्रथम तुझे अभिनंदन. ते शुक्रवारीच करायला हवे होते. सभा संपल्यावर सगळे तुझ्याभोवती जमले तेव्हा मी खिडकीपाशी उभी राहून खालच्या गाड्या न्याहाळत होते. मला गाड्यांत रस नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझा डॅशबोर्ड खरोखर देखणा होता. लिफ्ट-दुरुस्तीची आपली तीन केंद्रे, तीन रंग, आणि बोट ठेवताच प्रत्येक महिन्याचा आलेख उलगडणारा. एक सूचना: स्टेशन केंद्राचा हिरवा आणि बाजार केंद्राचा निळा एकमेकांच्या फार जवळचे आहेत. कालवा केंद्राच्या लाल रंगाबद्दल मात्र कुणाचा गोंधळ झाला नाही.

संचालक म्हणाले, "लोकांच्या लिफ्ट इतके दिवस बंद का राहतात, हे चार वर्षांत पहिल्यांदा समजलं!"

चार वर्षांत पहिल्यांदा. चार वर्षे दर तिमाहीला माझा वीस पानी अहवाल त्यांच्या टेबलावर जात होता. एकदा आठवे आणि नववे पान छापताना एकमेकांना चिकटले होते. तो अहवाल "वाचला" अशा सहीनिशी परत आला, तेव्हाही ती पाने चिकटलेलीच होती. मी संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि तू चित्रकलेच्या शाळेतून येऊन दोन आठवड्यांत त्यांना "समजावलेस". त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "अगं, बारकीचं काम म्हणे एका नजरेत कळतं! तुझं काय चाललंय? तेच का, रकाने?"

हो बाबा, तेच. रकाने.

आता मुद्द्यावर येते. टाळण्यासारखे जेवढे होते तेवढे वर टाळून झाले.

फेब्रुवारीत तू माझ्या टेबलाच्या कडेवर बसून म्हणाली होतीस, "ताई, तुझा तक्ता म्हणजे प्रबंध झालाय गं! मला साधा दे. एका तक्रारीला एक ओळ. केंद्र कोणतं, तक्रार कधी आली, कधी बंद झाली, संपलं. आणि तो शेऱ्याचा रकाना उडव. त्यातली बडबड पाहून माझं सॉफ्टवेअर रुसतं."

मी विचारले, "सिस्टीममध्ये आहे तसाच देऊ?"

"तसाच. सुधारत बसू नकोस, नाहीतर कंपनीचं दिवाळं निघेपर्यंत मला तक्ता मिळायचा नाही!"

तू हसलीस. मी तुला सिस्टीममध्ये होता तसाच तक्ता दिला. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. इतके तंतोतंत आणि इतके कुटिल आज्ञापालन मी आयुष्यात केलेले नाही.

कारण त्या शेऱ्यात काय असते, हे या इमारतीत फक्त मला माहीत होते. कालवा केंद्राचे फोरमन लिफ्ट सुरू झाली म्हणून तक्रार बंद करत नाहीत. शनिवारी स्वतः त्या इमारतीत जातात, तळापासून गच्चीपर्यंत तीनदा वर-खाली करतात, आणि मगच सिस्टीममध्ये "बंद" लिहितात. लिफ्ट खरी कधी सुरू झाली ते शेऱ्यात असते: "सोमवारी चालू केली." सिस्टीमला शेरा वाचता येत नाही. ती सोमवार ते शनिवार मोजते आणि दुरुस्तीला पाच दिवस लागले असे सांगते. उरलेल्या दोन केंद्रांत मिस्त्री इमारतीतून बाहेर पडण्याआधीच तक्रार बंद होते. लिफ्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकली की ती नव्या क्रमांकाची नवी तक्रार. एक बिघाड, तीन तक्रारी, तिन्ही "दोन तासांत" सुटलेल्या.

म्हणून मी दर तिमाहीला कालवा केंद्राच्या तारखा शेऱ्यांतून हाताने काढत असे, आणि इतरत्र एका आठवड्यात त्याच लिफ्टच्या आलेल्या तक्रारी एकत्र करत असे. तसे केले की कालवा केंद्र तिन्हींत सर्वांत वेगवान ठरते. तसे न केले की ते तुझ्या पडद्यावर लाल दिसते आणि ते बंद करण्याचा ठराव येत्या गुरुवारच्या बैठकीपुढे ठेवला जातो. अकरा मिस्त्री आणि एक फोरमन.

तुला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. हे वाक्य मी तिन्ही मसुद्यांत ठेवले आहे.

आता जे पहिल्या दोन मसुद्यांत नव्हते ते. तो लाल आलेख पडद्यावर आला तेव्हा मला आनंद झाला. तू बोलत होतीस, माना डोलत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, बोल, बोल. गुरुवारी ठराव मताला आला की मी उभी राहणार होते आणि सगळ्यांदेखत शांतपणे विचारणार होते, "शेऱ्याचा रकाना कुणी पाहिला आहे का?" वाक्य ठरले होते. कोणती साडी नेसायची तेही ठरले होते.

पुरावा परिपूर्ण हवा म्हणून मी काल फोरमनची वही मागायला कालवा केंद्रात गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली. तुझ्या आलेखाची छापील प्रत भिंतीवर हत्यारांच्या शेजारी लावलेली होती. एक मिस्त्री स्पॅनर पुसत म्हणाला, "आमचे साहेब दर शनिवारी लिफ्टमधून हवा खायला जातात ना, त्याचाच प्रसाद मिळाला!" कुणी हसले नाही. तोही नाही.

मी फोरमनना विचारले, "तुम्ही हरकत का घेतली नाही? हे आकडे खरे वाटतात तुम्हाला?"

"आधी नाही वाटले," ते म्हणाले. "भांडायलाच निघालो होतो. मग खाली तुमचं नाव दिसलं. मी पोरांना म्हटलं, बाईंनी तपासलंय ना, मग विषय मिटला. आपणच ढिले पडलो असू. माझंही वय झालंय आता."

मी उठून त्या कागदाजवळ गेले. खाली उजवीकडे, तुझ्या नावाच्या वर, लिहिले होते: "माहितीची तयारी आणि तपासणी", आणि पुढे पदवीसह माझे नाव. शुक्रवारीही ते पडद्यावर असणार. मी ते वाचले नव्हते. माझे नाव तू घेतले नसशील, याची मला इतकी खात्री होती की मी शोधलेच नाही. बत्तीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचे सोडून माझ्या नावावर विसंबला आणि स्वतःलाच दोषी ठरवून मोकळा झाला. वही न मागता मी परत आले. तिची गरजच नव्हती; सगळे शेरे माझ्याकडे होते.

सोबत नवा तक्ता जोडला आहे. शेऱ्यांतून काढलेल्या तारखा वेगळ्या रकान्यात आहेत, तुझे सॉफ्टवेअर रुसणार नाही. आज सकाळी मी संचालकांना लेखी कळवले की जुना तक्ता सदोष होता, दोष मला ठाऊक होता, आणि मी तो जाणूनबुजून सांगितला नाही. कारण लिहिले नाही. ते फक्त तुला लिहिते आहे: मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही. तू समासात फुले काढलेली वही बाई वर्गभर फिरवत आणि माझी, एकही खाडाखोड नसलेली, नुसती "छान" म्हणून परत देत, तेव्हापासूनचा. तो या पत्राने गेलेला नाही. गुरुवारी तुला पुन्हा टाळ्या पडतील आणि मला पुन्हा राग येईल, हे आधीच सांगून ठेवते.

संचालकांचे उत्तर तासाभरात आले. दोन ओळी. ठराव तूर्त स्थगित. गुरुवारी नवा आलेख पाहूनच निर्णय होईल. आणि यापुढे माझा कोणताही तक्ता तुझ्या तपासणीशिवाय बाहेर जाणार नाही.

तुझ्या तपासणीशिवाय. बारके, ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. मी त्यावर एक बाणेदार उत्तर लिहिले आणि फाडले.

तर आता तपास. पहिल्या ओळीपासून, शेऱ्यांसकट, मोठी बहीण म्हणून सूट न देता. मी एकूण सहाशे बारा तारखा काढल्या आहेत. त्यांतली एखादी चुकली असेल तर गुरुवारची वाट पाहू नकोस. जिना उतरून खाली ये आणि मला सांग. हवे तर हसत सांग.

मी जागेवरच आहे.

तुझी,
ताई