सहा फुटांवरचा मुरूम

मी, आसाराम शिमोन साबळे, वय ७६, धंदा गवंडीकाम, राहणार सोनई, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. शुगर आहे, गुडघे गेलेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, देवाला स्मरून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. थापी, ओळंबा, पहार आणि बँकेतली ठेव माझा मुलगा सचिन यास. हत्यारे भंगारात घालू नयेत.

२. प्रार्थनामंदिराच्या पंचांना काहीही नाही. गिलाव्याचे काम परक्याला दिलेत ना? आता पोपडे झाडत बसा.

३. माझे राहते घर, जागेसह, धाकटा भाऊ बन्सी याची मुलगी दिशा हिला. सचिन, तोंड वाकडे करण्याआधी कारण वाच.

सोळा वर्षांपूर्वी बन्सीने काळ्या मातीच्या जागेत घर बांधले. मला विचारले नाही, मेव्हण्याच्या ओळखीचा गवंडी आणला. शेजारच्या संडासाचा खड्डा मीच खणला होता. तिथे पाया पेलणारा घट्ट मुरूम सहा फुटांवर लागतो हे मला ठाऊक होते. यांनी दोन फुटांवरच पाया भरला. मी सायकलवरून जाता-येता रोज बघत होतो. म्हटले, विचारत नाहीस ना, मग भोग! त्याच दिवसांत एका रविवारी प्रार्थनामंदिरात भरणाऱ्या पोरांच्या शाळेत, खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा येशूचा दाखला मी रंगवून सांगितला, दारात उभ्या बन्सीकडे बघत. तो बिचारा मान डोलवत ऐकत होता.

पुढच्या पावसाळ्यात भिंत पडली. पाच वर्षांच्या दिशाचा पाय खाली सापडला. दवाखान्यात सगळ्यांदेखत मी भावाला मूर्ख म्हणालो. भावाला मूर्ख म्हणणारा नरकाच्या आगीत जातो, ते वचन मीच पोरांकडून घोकून घेतलेले. पोर आजही लंगडते. तशीच लंगडत येऊन "मोठे बाबा, चहा घ्या" म्हणते, आणि मी कप तसाच खाली ठेवतो.

मूर्ख तो नव्हता. त्याला कळत नव्हते. मला कळत होते.

४. हा कागद माझ्या मातीआधी मंडळीसमोर मोठ्याने वाचावा. त्यानंतर बन्सीला वाटले तरच त्याने मूठमाती द्यावी. कोणी आग्रह करू नये.

सही: आसाराम शिमोन साबळे
साक्षीदार: १) बन्सी शिमोन साबळे (डाव्या हाताचा अंगठा)
२) भीमाबाई पौलस गायकवाड (सही)
ठिकाण: सोनई. तारीख: २ नोव्हेंबर २०२५

ता. क. अंगठ्याआधी मी बन्सीला म्हणालो, थांब, वाचून दाखवतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे दादा. तू लिवलंय म्हंजी शहानपनाचंच आसंल." अंगठा पुसून तो चहाला बसला. मी याही खेपेला गप्प बसलो.

आ. शि. साबळे